क्रँक वेल्डिंगबद्दल खुलासा

गेल्या महिन्यापासून जालना-बीड भागातल्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: 'क्रँकच्या पिनला वेल्डिंग मारून घ्या, इंजिन पुन्हा कधीच खोलावं लागणार नाही.' तीन गिऱ्हाईकं तो दाखवत दुकानात आली, म्हणून लिहितो.

हे अर्धंच खरं आहे. क्रँक म्हणजे पिस्टनच्या वर-खाली हालण्याचं फिरण्यात रूपांतर करणारा इंजिनातला दांडा. सिंगल सिलिंडर दुचाकीचा क्रँक बहुतेक वेळा एकसंध नसतो. दोन जाड चकत्यांमध्ये, म्हणजे पाट्यांमध्ये, पिन प्रेसनं घट्ट बसवलेली असते. रेसिंगसाठी ताकद वाढवलेल्या इंजिनात पाट्या पिनवर फिरू नयेत म्हणून पिनच्या टोकाला वेल्डिंगचे टाके मारतात, ते ठीक. पण तुमच्या रोजच्या शंभर सीसीच्या गाडीत आवाज येतो तो बहुतेक वेळा कनेक्टिंग रॉडचं, म्हणजे पिस्टनला क्रँकच्या पिनशी जोडणाऱ्या दांड्याचं, बेअरिंग झिजल्यामुळे. तिथं वेल्डिंग काय करणार?

उलट उष्णतेनं क्रँक वाकडा होऊ शकतो, आणि पुढच्या वेळी रॉड किट (नवा रॉड, पिन आणि बेअरिंग) टाकायचं तर टाके घासून काढत बसा. खरं काम म्हणजे नवं किट प्रेसवर बसवणं आणि मग क्रँक सेंटरला, म्हणजे दोन्ही बाजू एका रेषेत, आणणं. क्रँक फिरवताना डायल गेजची (वाकडेपणा मोजायच्या घड्याळाची) सुई केसाच्या जाडीहूनही कमी, ०.०२ ते ०.०३ मिलिमीटर हलली तर चालतं. त्यासाठी तांब्याच्या हातोड्यानं टकटक करत कधीकधी अख्खी दुपार जाते.

आणखी एक. रॉड आडवा थोडा हलतो, तो हलायलाच हवा. वर-खाली खेळला तरच क्रँक काढा. ऑइल मात्र वेळेवर बदला, तिथंच सगळे कंजुषी करतात.