लॉ करायचंय म्हणून विषय निवडताय? जरा थांबा

रिझल्टचे दिवस आले की माझ्या इनबॉक्सात एकच प्रश्न येत राहतो, मॅडम मुलीला लॉ करायचंय तर शाळेची शेवटची दोन वर्षं कुठले विषय घ्यायचे. करिअर मुलीचं, विचारणारे बाबा, आणि बाबांचं उत्तर ऑलरेडी ठरलेलं असतं, माझ्याकडून फक्त शिक्का हवा असतो. म्हणून एकदाच सविस्तर लिहिते, पुढच्या वर्षी हीच लिंक टाकून मोकळी होईन.

आधी जे लोकांना पटतच नाही ते सांगते. लॉला जायला शाळेत अमुक एक विषय असलाच पाहिजे अशी अट शक्यतो कुठेच नसते. भारतात पाच वर्षांच्या कोर्सला बारावी कुठल्याही शाखेची चालते, फक्त किमान मार्कांची अट आहे, ओपनला ४५ टक्के. इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डसुद्धा लॉसाठी ठरावीक विषय मागत नाही. अमेरिकेत तर शाळेतून थेट लॉ नाहीच, आधी कुठलीतरी डिग्री करा, मग तीन वर्षं लॉ स्कूल. डॉक्टर व्हायला बायोलॉजी लागते तसं इथे काही लागत नाही. आणि घोळ तिथेच होतो, कारण काहीच सक्तीचं नाही म्हटलं की लोक म्हणतात मग स्कोअरिंग घे आणि सुट.

आता एंट्रन्स काय बघतात ते बघा. क्लॅटला, म्हणजे आपल्याकडच्या नॅशनल लॉ युनिव्हर्सिटींच्या प्रवेश परीक्षेला, १२० मिनिटांत १२० प्रश्न, आणि प्रश्न येतात ते साधारण साडेचारशे शब्दांच्या उताऱ्यांवर. ब्रिटनमधल्या एलनॅटला १२ उतारे, त्यावर ४२ प्रश्न, ९५ मिनिटं, आणि नंतर ४० मिनिटांत एक निबंध. दोन्हीकडे स्पष्ट सांगितलेलं असतं की कायद्याचं आधीचं ज्ञान नको. मग बघतायत काय? की हा पोरगा अनोळखी विषयावरचा उतारा वाचून त्यात नेमकं काय म्हटलंय आणि काय *नाही* म्हटलंय हे सांगू शकतो का. हे दोन महिन्यांच्या क्रॅश कोर्सने येत नाही हो, टायमिंग सुधारतं फार तर.

त्यामुळे माझं मत सरळ आहे. ज्या विषयात तुम्हाला लांब लिहावं लागतं, आणि लिहिलेलं कुणीतरी वाचून "हे कशावरून?" असं विचारतं, तो विषय घ्या. नाव काहीही असो.

माझंच सांगते. मी राज्यशास्त्र घेतलं होतं, कारण वकिलीला शोभेल असं वाटलं. विषय चांगलाच आहे, दोष विषयाचा नाही, पण आम्ही तो गाईडमधून घोकला, सात मुद्दे लिहिले की सात मार्क, आणि मार्क पण भरपूर पडले. मग लॉच्या पहिल्या वर्षी सरांनी एक जजमेंट हातात दिलं आणि म्हणाले यातला रेशो काढून आण, म्हणजे निकाल ज्या तत्त्वावर उभा आहे ते तत्त्व. मी अख्खं जजमेंट सुवाच्य अक्षरात उतरवून नेलं 😅 सगळं होतं त्यात, रेशो सोडून. आणि शेजारी बसणारी मैत्रीण, बारावीला माझ्यापेक्षा कमी मार्क, पण तिला इतिहासाच्या बाईंनी दोन वर्षं एकाच घटनेची दोन उलटसुलट साधनं देऊन कोण खोटं बोलतंय आणि का ते लिहायला लावलं होतं, तिने अर्ध्या पानात काढलं.

ते जजमेंट होतं डोनोह्यू विरुद्ध स्टीव्हन्सन, लॉवाल्यांना नाव वाचूनच हसू येईल. १९२८ साली स्कॉटलंडमध्ये एका बाईला मैत्रिणीने जिंजर बिअर पाजली, बाटली अपारदर्शक, अर्धी संपल्यावर आतून कुजलेली गोगलगाय निघाली असा बाईंचा दावा. पैसे दिले मैत्रिणीने, म्हणजे या बाईंचा दुकानदाराशी करारच नाही, मग दाद मागायची कुणाकडे? १९३२ मध्ये हाऊस ऑफ लॉर्ड्सने, तेव्हाच्या ब्रिटनमधल्या सर्वोच्च कोर्टाने, ३ विरुद्ध २ असं ठरवलं की माल बनवणाऱ्याने शेवटच्या ग्राहकाची काळजी घेणं हे त्याचं कर्तव्य आहे. आता यातलं काय महत्त्वाचं? गोगलगाय? बाटली? मैत्रीण? बाटली अपारदर्शक होती हे महत्त्वाचं, कारण मधे कुणाला तपासताच येणार नव्हतं. गोष्टीतलं काय गाळायचं आणि काय ठेवायचं, वकिली म्हणजे बरीचशी हेच, आणि याची सवय इतिहास किंवा साहित्य नीट शिकवलं तर शाळेतच लागते.

भाषेबद्दल. लोकांना वाटतं इंग्लिश चांगलं म्हणजे फाडफाड बोलणं. अमेरिकेत मेन राज्यात एका डेअरीच्या ड्रायव्हर लोकांनी ओव्हरटाइमसाठी केस केली होती. कायद्यात ओव्हरटाइम न मिळणाऱ्या कामांची यादी, तिच्या शेवटी "पाठवणीसाठी किंवा वितरणासाठी पॅकिंग" अशा अर्थाचे शब्द, आणि त्यांच्यात स्वल्पविराम नाही. मग वितरण हे वेगळं काम की पॅकिंगचाच भाग? ड्रायव्हर तर पॅकिंग करतच नाहीत! २०१७ मध्ये अपील कोर्टाने ड्रायव्हरच्या बाजूने कौल दिला आणि पुढे ५० लाख डॉलरवर तडजोड झाली. व्याकरणाच्या तासाला झोपणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा. आणि हे फक्त इंग्लिशचं नाही, मराठीत असो नाहीतर संस्कृतमध्ये, वाक्य उलगडून बघायची खोड लागली की ती सगळीकडे चालते.

आता गणित. "मला लॉ करायचंय म्हणजे गणित सुटलं" असं म्हणणारी पोरं भेटली की मला खरंच राग येतो. इंग्लंडचे न्यायाधीश लॉर्ड डेनिंग, ज्यांची जजमेंट अजून शिकवतात, ते ऑक्सफर्डला आधी गणितात फर्स्ट क्लास मिळवून शाळेत गणित शिकवत होते, लॉ नंतर केलं. बरं ते सोडा. सॅली क्लार्कची केस वाचा. इंग्लंडमधली ही बाई स्वतः वकील, तिची दोन तान्ही बाळं गेली, खुनाचा आरोप झाला, आणि १९९९ च्या खटल्यात एका नामांकित डॉक्टरांनी साक्ष दिली की एकाच घरात असे दोन नैसर्गिक मृत्यू होण्याची शक्यता ७ कोटी ३० लाखांत एक. आकडा आला कुठून? एका मृत्यूची शक्यता साधारण साडेआठ हजारांत एक धरली आणि तिला तिनेच गुणलं. जणू सख्ख्या भावंडांचा एकमेकांशी काही संबंधच नाही. जन्मठेप झाली. २००१ मध्ये रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीने जाहीरपणे सांगितलं की हे गणितच चूक आहे, शिक्षा रद्द व्हायला २००३ उजाडलं, तेही मुख्यतः एक न दाखवलेला मेडिकल रिपोर्ट बाहेर आला म्हणून. खटला चालू असताना कोर्टात बसलेल्या एवढ्या वकिलांनी त्या गुणाकारालाच धरायला हवं होतं. सगळ्यांनी कॅल्क्युलस करा असं नाही म्हणत, पण संभाव्यता आणि टक्केवारी तरी अंगात भिनू द्या.

अर्थशास्त्राबद्दल वेगळं काय सांगू, घटनेच्या मसुदा समितीचे अध्यक्ष बाबासाहेब कोलंबियात आणि लंडनला अर्थशास्त्र शिकले होते. टॅक्स, कंपनी, जमिनीची भरपाई, सगळीकडे उपयोगी.

सायन्सवाल्यांनो, घाबरू नका, चालतं. मार्गारेट थॅचर केमिस्ट्री करून मग बॅरिस्टर झाल्या. अडचण फिजिक्सची नाहीये, अडचण ही की दोन वर्षं फक्त एमसीक्यू सोडवून तुम्ही एक धड परिच्छेद लिहिलेला नसतो. मग आठवड्याला दोन पानं स्वतःहून लिहा आणि कुणाला तरी तपासायला लावा.

आणि तो "लीगल स्टडीज" की काय विषय असतो काही बोर्डांत. वाईट नाही, पण नावाला भुलून घेऊ नका, कॉलेजात सगळं पहिल्यापासूनच शिकवतात. त्याचा एक फायदा मात्र आहे, आपल्याला हे कंटाळवाणं वाटतंय हे पाच वर्षं घालवायच्या आधीच कळतं.

विषय पक्का करण्याआधी एक काम करा, त्या शिक्षकांनी तपासलेला वरच्या वर्गातल्या कुणाचा तरी पेपर मागून बघा. नुसत्या बरोबरच्या खुणा आणि मार्क आहेत, की समासात काही लिहिलंय? समास भरलेला असेल तर डोळे मिटून घ्या तो विषय.

यावर्षीच्या पहिल्या बाबांना मी म्हटलं, मुलीलाच एक पान लिहून पाठवू दे, कुठले विषय आणि का. चौथ्या दिवशी पान आलं. इतिहास आणि गणित पक्कं, तिसऱ्या विषयाच्या जागी दोन नावं लिहून दोन्ही खोडलेली, आणि खाली, "बाबा म्हणतात अकाउंट्स, पण त्यांच्या मुद्द्यात एक गडबड आहे, सांगू का?" म्हटलं सांग. अजून टाइप करतेय.