‘जुनी गाडी आहे, आवाज येणारच’ म्हणे!

गॅरेजमध्ये हे वाक्य ऐकलं की डोक्यात तिडीक जाते. ‘काका, गाडी जुनी झाली, आवाज येणारच.’ अरे, जुनी झाली म्हणून काय झालं? टोयोटाची क्वालिस आहे ती. 2005 मध्ये इनोव्हा आली आणि ही बंद झाली, तरी अजून कितीतरी क्वालिस रोज रस्त्यावर आहेत. माझीचं इंजिन ठणठणीत आहे, गिअर लोण्यासारखे पडतात. आवाज येतोय तो मागच्या डिफरन्शियलमधून, म्हणजे मागच्या चाकांना इंजिनची ताकद वाटून देणाऱ्या गिअरांच्या जोडणीतून, आणि त्याचा वयाशी काडीचा संबंध नाही. गॅरेजवाल्यानं एअर गननं आवळलेला एक नट, एवढंच कारण आहे.

काम केवढं होतं? पिनियनचं, म्हणजे डिफरन्शियलच्या तोंडाशी असलेल्या छोट्या गिअरचं, ऑइल सील गळत होतं. हौसिंगच्या, म्हणजे डिफरन्शियलच्या लोखंडी पेटीच्या, तोंडाशी ओल, पार्किंगमध्ये फरशीवर थेंब. किरकोळ किमतीचं सील. गॅरेजातल्या पोरानं प्रोपेलर शाफ्ट, म्हणजे गिअरबॉक्सकडून मागे येणारा लांब दांडा, सोडला, नटाला गन लावली, सील बदललं, परत गन लावली, घर्रर्र, झालं. नट आधी कुठे होता त्याची खूण केली नाही. नट किती जोरानं आवळला ते मोजणारा पाना, टॉर्क रेंच, तर दुकानात दिसलाच नाही.

त्या नटाच्या आत, पिनियनच्या दोन बेरिंगांच्या मध्ये, एक पातळ नळी असते. क्रश स्लीव्ह. नट आवळताना ती मुद्दाम चेपली जाते, आणि ती किती चेपली यावर बेरिंगांवरचा दाब ठरतो. एकदा चेपली की चेपली. नट सैल केला म्हणून ती परत उभी राहत नाही, नवीनच घालावी लागते. गननं वाजवीपेक्षा जास्त आवळलं की बेरिंगं तापतात, झिजतात, मग पिनियन जागचा हलतो आणि क्राऊनच्या, म्हणजे त्याच्याशी जुळणाऱ्या मोठ्या गिअरच्या, दातांवर भलत्याच ठिकाणी चालायला लागतो. तिथून सुरू होतं ते ऊंऽऽऽ.

साठच्या पुढे गेलं की सुरूच. अ‍ॅक्सिलरेटर दाबून धरला की चढतं, पाय उचलला की गप्प. कात्रजच्या नव्या बोगद्यात काच खाली करा, भिंतीवरून तो सूर थेट कानात शिरतो. साताऱ्यापर्यंत तोच ऐकत जायचं.

आणि मग सुरू झाली वरात. एक म्हणाला टायरचा आवाज आहे. बदलले. दुसरा म्हणाला चाकाची बेरिंगं गेलीत. दोन्ही बाजूंची बदलली. तिसऱ्यानं ‘जाड ऑइल टाकू, दबेल’ म्हणून नव्वद नंबरच्या ऑइलच्या जागी एकशेचाळीस नंबरचं ओतलं. चौथा गिअरबॉक्स उतरवायला निघाला होता! पैसे प्रत्येकानं घेतले. पण यांच्यातल्या एकानंही, एकानंही, गाडी रस्त्यावर काढून ऐकली नाही. उभ्या गाडीला रेस देऊन डिफरन्शियलचा आवाज कळतो का? तो फिरतच नसतो तेव्हा!

अरे, एवढं अवघड काय आहे त्यात? डांबरी रस्त्यावरून सिमेंटच्या रस्त्यावर गेल्यावर आवाज बदलला तर टायर. एकाच वेगानं जाताना स्टीअरिंग जरा डावी-उजवीकडे केलं आणि आवाज कमीजास्त झाला तर चाकाचं बेरिंग. साठलाच चौथा टाकून ऐका, मग पाचवा टाकून ऐका. सूर तोच राहिला तर गिअरबॉक्सला हात लावू नका, कारण डिफरन्शियल गाडीच्या वेगानं फिरतो, गिअर कुठलाही असो. फक्त वळणावर खरखर आली तर आतले छोटे स्पायडर गिअर बघा. गाडी ओढताना ओरडते की सोडल्यावर, हे विचारा गिऱ्हाइकाला. अर्ध्या तासाचं काम. त्यासाठी मशीन लागत नाही, कान लागतात आणि थोडी लाज.

एकानं तर सरळ सांगितलं, ‘कुर्ल्याहून अख्खं हौसिंग आणून देतो, सेकंडहँड.’ म्हणजे कुणाच्या तरी भंगारात गेलेल्या गाडीचा आवाज विकत घेऊन माझ्या गाडीला लावायचा. पूर्वी गाड्या विकणारे काही लबाड लोक हौसिंगमध्ये लाकडाचा भुसा भरून आवाज दाबायचे. जाड ऑइल ओतून ‘दबेल’ म्हणणारा त्यांच्याच पंगतीतला.

शेवटी एका म्हाताऱ्या मिस्त्रींनी गाडी जॅकवर घेतली, मागची चाकं फिरवली आणि लांब स्क्रू ड्रायव्हर हौसिंगला टेकवून मूठ कानाला लावली. पिनियनच्या तोंडाशी थांबले. ड्रेन प्लग काढला तर चुंबकावर चंदेरी चिखल, आणि त्यात बोटाला टोचणारे कण. बेरिंगांचा चुरा होता तो. त्यांनी नवी बेरिंगं घातली, नवी स्लीव्ह घातली, नट थोडा आवळायचा, पिनियन फिरवून ताण मोजायचा, परत थोडा आवळायचा, असं करत बसले. दातांना रंग लावून ठसा कुठे पडतो ते पाहिलं. डायल गेज लावून क्राऊन-पिनियनमधली फट मोजली; ती मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास असते, डोळ्यानं दिसत नाही. तिथे ही पोरं एअर गन चालवतात!

आवाज बराचसा गेला. पूर्ण नाही. पासष्ट-सत्तरला बारीक सूर अजून आहे, कारण चुकीच्या जागी चालून दात घासले गेलेत आणि ते काही परत भरून येत नाहीत. तो घालवायचा तर क्राऊन-पिनियनचा जोड बदलायचा. कारखान्यात दोन्ही एकमेकांवर घासून जुळवलेले असतात, त्यामुळे एकटा पिनियन बदलून भागत नाही, अख्खा सेट घ्यावा लागतो. आणि बंद झालेल्या गाडीचा सेट मिळवायला दुकानं पालथी घालायची ती मीच.

जुनी बेरिंगं पिशवीत घालून मी त्या सीलवाल्याकडे गेलो. काउंटरवर ठेवली. त्यानं हातातसुद्धा घेतली नाहीत. म्हणाला, ‘काका, पुढच्या सर्व्हिसिंगला लेबर कमी लावतो.’

पुढचं सर्व्हिसिंग? तुझ्याकडे? त्या गाडीच्या चाकात हवासुद्धा भरणार नाही तुझ्याकडे!