लळिंगचा डोंगर फुटणार नाही

"खान्देश झोपलेल्या ज्वालामुखीवर बसलाय. लळिंगसारखे डोंगर ही त्याची जुनी तोंडं. उनपदेवचं गरम पाणी हा पुरावा. स्फोट कधीही होईल, दहा जणांना पाठवा." हा मेसेज वाचून साक्रीच्या मावशीने घाबरून फोन केला, "आते काय व्हई रे?"

काही होणार नाही, मावशी. पण मेसेजमध्ये एक दाणा खरा आहे, म्हणूनच तो लोकांना पटतो. आपला काळा पत्थर लाव्हाचाच. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा.

चूक आहे ती 'तोंडं' या शब्दात. ज्वालामुखी म्हटलं की आपल्याला शाळेच्या पुस्तकातला सुळका दिसतो. तसा सुळका व्हायला शिलारस, म्हणजे वितळलेला खडक, सहसा घट्ट लागतो. त्यात सिलिका (वाळूत असते ती) जास्त असली की तो चिकट होतो, वायू आत कोंडतो, मग स्फोट होतो आणि राख नि लाव्हा थरावर थर साचतात. अमेरिकेचा सेंट हेलेन्स असा उभा राहिला. शिलारस पातळ असेल तर तो दूरवर पसरतो. हवाईचा मौना लोआ म्हणूनच पालथ्या परातीसारखा पसरट आहे. मेक्सिकोत १९४३ साली मक्याच्या शेतात भेग पडली, उडालेले निखारे तिथेच साचले आणि वर्षभरात ३०० मीटरहून उंच टेकडी तयार झाली. चूल एकच, पण पिठलं नि पातळ आमटी यांच्या उकळण्यात फरक असतो, तसंच हे.

आपल्याकडे यातलं काही नव्हतं. जमिनीला लांब भेगा पडल्या आणि पातळ लाव्हा वाहत राहिला. आइसलँडच्या लाकी इथे १७८३ साली अशी साधारण २७ किलोमीटरची भेग आठ महिने वाहत होती. आपल्या दख्खनच्या लाव्हाच्या मानाने तो ओहोळच. लळिंगचा डोंगर अशाच थरांचा आहे, आजूबाजूचं झिजून गेलं नि तो उरला.

थर बघायला डोंगरही चढायला नको. मावशीच्याच विहिरीत वर काळा पत्थर, खाली भोकाभोकांचा मांजऱ्या, मग लाल मातीचा पट्टा आहे. भोकं म्हणजे लाव्हातून निसटलेला वायू, आणि लाल पट्टा म्हणजे दोन प्रवाहांमधल्या काळात वरचा खडक कुजून झालेली माती. भेगा बघायच्या असतील तर धुळे-नंदुरबारच्या शेतांतून सरळ जाणाऱ्या काळ्या भिंती बघा. भेगेतच थिजलेला शिलारस तो. जवळ गेलात तर दगड आडवे, सरपण रचून ठेवल्यासारखे दिसतात, कारण तो दोन्ही बाजूंनी आत थंड होत गेला.

उनपदेवचं पाणी? त्याला लाव्हा लागत नाही. जमिनीत दर किलोमीटरला साधारण २५ ते ३० अंश उष्णता वाढतेच. सातपुड्याच्या पायथ्याशी खडकांत खोल भेगा आहेत. पावसाचं पाणी त्यांतून खाली मुरतं, तापतं आणि वर येतं.

राहिला 'कधीही स्फोट'. तो लाव्हा ओतणारा खोल उष्ण भाग आपल्याखाली उरलाच नाही. आपला भूखंड उत्तरेला सरकला, तो मागे हिंदी महासागरात रियुनियन बेटाखाली राहिला. देशातला खरा जागृत ज्वालामुखी अंदमानातलं बॅरन बेट, आणि तिथे माणूस राहत नाही.

मावशी म्हणाली, "मंग त्या दहा जणासले काय सांगू?" तिने मेसेज आधीच पाठवला होता.