आधी ऊन आणि पाणी, मग फरशी: सोलापुरातल्या फ्लॅटच्या नूतनीकरणाविषयी

जुळे सोलापूर, विजापूर रोड, होटगी रोड या भागांत पंचवीस-तीस वर्षांपूर्वी उभ्या राहिलेल्या अपार्टमेंटमध्ये सध्या नूतनीकरणाची कामे जोरात सुरू आहेत. मुले मोठी झाली, कर्जाचे हप्ते फिटले, की आपले घर एकदा नीटनेटके करून घ्यावे असे वाटणे स्वाभाविक आहे आणि त्याविषयी माझी काहीही तक्रार नाही. माझा आक्षेप या कामांच्या ठरून गेलेल्या साच्याला आहे. जुनी फरशी उखडायची, तिथे चकचकीत व्हिट्रिफाइड टाइल बसवायची, छताला पीओपीचे फॉल्स सीलिंग करायचे, बाल्कनी काचेने बंद करून हॉल वाढवायचा आणि मग घर तापू लागले की खोलीखोलीत एसी लावायचा, हा क्रम आता इतका रूढ झाला आहे की त्याहून वेगळे काही विचारले तर ठेकेदार गोंधळतात.

माझे मत असे आहे की सोलापुरात एखादे घर पर्यावरणपूरक आहे की नाही, हे मे महिन्यात ते एसीशिवाय किती राहण्याजोगे असते आणि रोज किती पाणी वापरते, यावरून ठरवावे. ज्या शहरात एप्रिल-मेमध्ये पारा ४३-४४ अंशांपर्यंत जातो आणि नळाला रोज पाणी येत नाही, तिथे नूतनीकरणाचे पैसे सर्वांत आधी ऊन आणि पाणी या दोन गोष्टींवर खर्च झाले पाहिजेत. बाकीचे जे धड आहे, ते फोडू नये.

फरशीपासून सुरुवात करते, कारण बहुतेकांचे काम तिथूनच सुरू होते. त्या काळातल्या फ्लॅटमध्ये मोझॅकच्या लाद्या किंवा शहाबादी फरशी असते. शहाबाद आपल्यापासून फार लांब नाही, शेजारच्या कलबुर्गी जिल्ह्यात आहे, आणि तिथला हा दगड सोलापूरच्या वाड्यांत, शाळांत, दवाखान्यांत पिढ्यान्‌पिढ्या टिकलेला आपण पाहतो. उन्हाळ्यात दुपारी त्यावर नुसते आडवे झाले तरी बरे वाटते. दहा बाय दहाच्या एका खोलीतली फरशी आणि तिच्याखालचा दोन इंची थर उचलला, तर एक टनाहून जास्त राडारोडा निघतो. तेवढाच माल पुन्हा वर चढवावा लागतो, त्यात सिमेंट आले, वाळू आली, भट्टीत हजार अंशांहून जास्त तापमानाला भाजलेली टाइल आली. सिमेंट तयार होताना चुनखडीतला कार्बन डायऑक्साइड मोकळा होतो आणि भट्टीच्या इंधनाचा धूर वेगळा. आपल्या देशात एक टन सिमेंटमागे सुमारे सहाशे किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. जगाच्या एकूण उत्सर्जनातला सात-आठ टक्के वाटा एकट्या सिमेंटचा आहे.

आमच्या घरातली मोझॅक फरशी काढावी असे घरातल्या सगळ्यांचे मत होते. कामाला आलेल्या वयस्कर मिस्त्रींनी गुडघ्यावर बसून लाद्या बोटांच्या पेरांनी वाजवून पाहिल्या आणि म्हणाले, “कशाला फोडायलाव ताई, कुठं पोकळ नाय, दगड हाय ह्यो.” मग फरशी घासायचे यंत्र आणले. पाणी सोडत सोडत यंत्र फिरू लागले की खालून राखाडी रबडी निघते, ती रबरी वायपरने बाजूला ओढली की इतक्या वर्षांच्या तेला-मळाखाली दडलेले संगमरवराचे पांढरे, पिवळसर, काळे तुकडे एकेक करून वर येतात. आधी जाड दगड, मग बारीक, मग पॉलिश. नवी टाइल बसवण्याच्या कितीतरी कमी खर्चात काम झाले आणि एक टोपली राडारोडासुद्धा इमारतीबाहेर गेला नाही. ज्या लाद्या खरोखर फुटल्या होत्या, तेवढ्याच बदलल्या. मिस्त्रींच्या त्या एका वाक्याने आमचे बरेच पैसे वाचले; असा सल्ला आम्हाला कुठल्याही सजावटकाराने दिला नव्हता. सजावटीचा धंदा नव्या मालावर चालतो, त्यामुळे ‘हे राहू द्या’ असे सांगण्यात कोणाचाच फायदा नसतो. ते घरमालकालाच ठरवावे लागते.

आता उन्हाविषयी, कारण आपल्याकडे खरा प्रश्न तोच आहे. सर्वांत वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांना हे सांगायची गरज नाही. दिवसभर तापलेला काँक्रीटचा स्लॅब रात्री दहा-अकरापर्यंत ती उष्णता खाली सोडत राहतो, आणि बाहेर वारा सुटून हवा गार झालेली असली तरी खोलीतला पंखा छताजवळची तापलेली हवाच अंगावर टाकतो. आपल्या जुन्या पेठांमधल्या माळवदाच्या घरांत दगडमातीच्या जाड भिंती आणि लाकडी तुळयांवर मातीचा जाड थर असायचा, त्यामुळे दुपारचे ऊन आत पोहोचेपर्यंत संध्याकाळ व्हायची. पाच-सहा इंचांच्या स्लॅबकडून ती अपेक्षा करता येत नाही. फॉल्स सीलिंगने उष्णता उतरायला थोडा उशीर लागतो हे खरे आहे, परंतु स्लॅब मात्र तापतोच, खोलीची उंची कमी होते आणि पंखा खाली येतो. ऊन वरच्या वर परतवणे हा त्याहून कितीतरी सरळ उपाय आहे.

गच्ची पांढरी करावी, एवढेच ते काम आहे. करड्या काँक्रीटवर पडणाऱ्या उन्हातला बराचसा भाग स्लॅब शोषून घेतो, तर स्वच्छ पांढरा पृष्ठभाग सत्तर-ऐंशी टक्के ऊन परतवतो. यासाठी बाजारात तयार परावर्तक रंग मिळतात आणि ते काही वर्षे टिकतात. ज्यांना तो खर्च परवडत नाही, त्यांनी कळीचा (न विझवलेला) चुना वापरावा. चुना पिंपात पाण्यात सोडला की खदखदून तापतो, म्हणून मुलांना लांब ठेवावे आणि डोळ्यांची काळजी घ्यावी. रात्रभर निवू द्यावा, फडक्यातून गाळून घ्यावा, चिकटपणासाठी थोडे फेव्हिकॉल मिसळावे आणि ऊन उतरल्यावर दोन-तीन हात मारावेत. पावसाळ्यात तो धुऊन जातो, त्यामुळे दर वर्षी फाल्गुनात पुन्हा मारावा लागतो. गळती थांबवण्यासाठी गच्चीवर काळी डांबरी शीट अंथरण्याची पद्धत मात्र मला अजिबात मान्य नाही. पाणी थांबते, पण वरच्या मजल्यावरच्या कुटुंबाच्या डोक्यावर तवा ठेवल्यासारखे होते. गळतीसाठीही पांढरे लेप मिळतात.

हे काही माझ्या मनाचे नाही. अहमदाबाद महापालिकेने २०१३ मध्ये उष्णतेचा कृती आराखडा केला आणि पुढे त्यात पांढऱ्या छतांचा समावेश केला. तेलंगणाने तर २०२३ मध्ये गार छतांसाठी स्वतंत्र धोरण जाहीर केले आणि मोठ्या इमारतींना ते बंधनकारक केले. तेलंगणाशी सोलापूरचे नाते मागावर विणलेले आहे; आपल्या शहरातल्या हजारो पद्मशाली विणकर घरांचे नातलग तिकडे आहेत. तिथे जे होऊ शकते ते इथे न होण्याचे कारण मला दिसत नाही. फ्लॅटमध्ये अडचण एकच असते, गच्ची सर्वांची असते आणि उन्हाचा त्रास फक्त वरच्या मजल्याला होतो. त्यामुळे सर्वसाधारण सभेत हा विषय आला की खालच्या मजल्यावरचे सभासद गप्प बसतात. माझे म्हणणे असे आहे की स्लॅबची रोजची तापण्या-निवण्याची ओढाताण कमी झाली तर भेगा आणि गळती कमी होते, आणि इमारतीचे आयुष्य हा सर्व सभासदांचा विषय आहे. खर्च सर्वांनी वाटून घ्यायला हवा.

मधल्या मजल्यांवर राहणाऱ्यांचा शत्रू पश्चिमेची भिंत आणि पश्चिमेची खिडकी. ऊन काचेच्या आत आले की मग पडदा लावून फारसा उपयोग होत नाही, कारण उष्णता घरात आलेली असते. आडोसा काचेच्या बाहेर हवा. पुरेसा छज्जा, बांबूची चिक, वाळ्याचे तट्टे, यांपैकी काहीही चालेल. याच कारणासाठी पश्चिमेची बाल्कनी काचेने बंद करू नये असे मी प्रत्येकाला कळकळीने सांगते. बाल्कनी ही घरासाठी सावलीची जागा असते. ती बंद केली की सावली जाते आणि तिच्या जागी काचेची तापती खोली उरते. सरकत्या ॲल्युमिनियमच्या खिडक्या एका वेळी निम्म्याच उघडतात, हेही नवी खिडकी निवडताना लक्षात ठेवावे. आपली हवा कोरडी असल्यामुळे रात्री तापमान चांगले खाली येते, आणि डासांची जाळी लावून रात्रभर समोरासमोरच्या खिडक्या उघड्या ठेवता आल्या तर घर सकाळपर्यंत निवते. जुन्या सागवानी खिडक्या काढून भंगारात देण्याआधी त्यांना जाळीची झडप बसते का, हे सुताराला जरूर विचारावे.

कोरड्या हवेमुळे आपल्याकडे कूलरही उत्तम चालतो. दीड टनाचा एसी साधारण दीड हजार वॅट वीज घेतो, तर घरगुती कूलर दीडशे-दोनशे वॅटवर भागवतो. मात्र तो पाणी पितो, आणि उन्हाळ्यात पाण्याचा एकेक हंडा मोजणाऱ्या शहरात हा प्रश्न बाजूला सारता येणार नाही. शिवाय बोअरचे क्षारयुक्त पाणी घातले की जाळ्या पांढऱ्या पडून निकामी होतात. माझा निष्कर्ष असा की आधी गच्ची आणि खिडक्या सुधाराव्यात, म्हणजे कूलर दिवसभर चालवावा लागत नाही, आणि त्याला लागणारे पाणी न्हाणीघरात वाचवावे.

ते सहज वाचते. जुनी फ्लशची टाकी एका वेळी दहा लिटर किंवा त्याहूनही जास्त पाणी ओतते. दोन बटणांच्या टाकीला तीन किंवा सहा लिटर पुरतात. चार माणसांच्या घरात दिवसाकाठी शंभर लिटर पाणी वाचायला एवढे पुरे आहे. हे पाणी उजनी धरणातून शंभर किलोमीटरच्या आसपास वीज खर्चून ओढून आणलेले असते, आणि खालच्या टाकीतून वर चढवायला आपण पुन्हा मोटार लावतो. न्हाणीघराची फरशी काढण्याची वेळ आलीच असेल, तर नळकाम उघडे असतानाच वॉशिंग मशिनचे पाणी वेगळ्या नळीने पिंपात किंवा थेट शौचालयाच्या टाकीकडे नेण्याची सोय करून घ्यावी. एकदा टाइल बसली की हे काम कोणी करत नाही. आरओ यंत्रातून वाया जाणारे पाणीही फरशी पुसायला चालते, कूलरला मात्र घालू नये.

रंग आणि प्लायवुड यांविषयी थोडक्यात. रंगातल्या शिशाचे प्रमाण दशलक्षात ९० भागांपुरते मर्यादित ठेवण्याचा नियम नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला, त्यामुळे त्याआधीच्या दारा-खिडक्यांवरच्या ऑइल पेंटमध्ये शिसे असण्याची शक्यता धरूनच चालावे. तो कोरडा घासू नये, ओला करून खरवडावा, आणि त्या दिवसांत लहान मुलांना घरात ठेवू नये. स्वस्त प्लायवुडच्या डिंकातून फॉर्माल्डिहाइड वायू सुटत राहतो, गरम हवेत जास्तच सुटतो, आणि तो कर्करोगकारक आहे. कपाटे करायचीच असतील तर कमी उत्सर्जनाचा माल मागून घ्यावा, नाहीतर जुने लोखंडी कपाट रंगवून वापरावे.

विजेच्या बाबतीत सर्वांत लवकर पैसे वसूल करून देणारी वस्तू म्हणजे बीएलडीसी, म्हणजे ब्रशविरहित मोटारीचा, पंखा. जुन्या पंख्याला सत्तर-पंचाहत्तर वॅट लागतात, याला तीस-पस्तीस. आपल्याकडे पंखा वर्षातले आठ महिने दिवसाचे पंधरा तास फिरतो, म्हणजे चार पंख्यांच्या घरात महिन्याला सत्तर युनिटच्या आसपास बचत होते. सौरऊर्जेसाठी केंद्र सरकारच्या पीएम सूर्यघर योजनेत गृहनिर्माण संस्थांना सामायिक वापराच्या विजेकरिता प्रति किलोवॅट १८,००० रुपये अनुदान आहे. लिफ्ट, पाण्याची मोटार आणि जिन्यातले दिवे त्यावर चालू शकतात, आणि पॅनेलची सावली स्लॅबवर पडते हा जादा फायदा.

काम द्यायच्या आधी ठेकेदाराशी एक गोष्ट लेखी ठरवून घ्यावी: निघालेला राडारोडा कुठे जाणार. बांधकाम कचऱ्याच्या नियमांनी तो वेगळा ठेवून ठरलेल्या जागी पोहोचवण्याची जबाबदारी कचरा करणाऱ्यावर टाकलेली आहे, तरीही रात्रीच्या वेळी ट्रॅक्टर ओढ्याकाठी रिकामे होताना आपण सगळेच पाहतो. दारे, ग्रिल, सिंक, धड लाद्या यांचे वेगळे ढीग करायला लावले तर त्यातले बरेच काही विकत घेणारे याच शहरात आहेत.

आमच्या सोसायटीत पुढच्या महिन्यात गच्चीचा विषय सभेत येणार आहे. कळीच्या चुन्याचे काम नीट जाणणारे गवंडी सोलापुरात कोणाच्या ओळखीचे असतील तर कृपया मला कळवावे, आणि ज्यांच्या इमारतीची गच्ची आधीच पांढरी केली आहे त्यांनी खर्च किती आला, लेप किती टिकला आणि वरच्या मजल्यावर फरक किती पडला, ते इथे लिहावे. सभेत खालच्या मजल्यावरच्या सभासदांपुढे ठेवायला मला ते आकडे हवे आहेत.