मोरोक्को म्हणजे नुसती वाळू आणि अरबी?

मोरोक्कोच्या सहलींचा हंगाम आला की एक मजकूर हमखास फिरू लागतो. देश सगळा सहारातला, तेव्हा सुती कपडे पुरेत. माराकेशहून तासाभरात वाळूचे डोंगर. भाषा एकच, अरबी. ‘बर्बर’ ही तिचीच खेडवळ बोली, तिला लिपी नाही, आणि ती बोलणारे तंबूत राहणारे भटके. यातलं एकही विधान धड टिकत नाही.

‘देश सगळा वाळवंटी.’ नकाशा उघडा. अ‍ॅटलासच्या रांगा देशाला नैऋत्येकडून ईशान्येकडे तिरप्या छेदतात. तुब्काल हे त्यांतलं सर्वांत उंच शिखर, ४,१६७ मीटर. अटलांटिकवरून येणारे पावसाळी ढग या रांगांच्या वायव्य बाजूला रिकामे होतात आणि पलीकडचा आग्नेय भाग पर्जन्यछायेत जातो. म्हणून सबू आणि उम्म अर-रबिया या नद्या समुद्राला मिळतात, सबूच्या खालच्या खोऱ्यात, गर्बच्या मैदानात, भातसुद्धा पिकतो. आणि पलीकडे उतरणारी झीझ वाळूत जिरते. द्रा देशातली सर्वांत लांब नदी, पण तिचं पाणी समुद्रापर्यंत क्वचितच पोहोचतं. मधल्या अ‍ॅटलासमध्ये अझ्रूच्या आसपास सीडरची जंगलं आहेत, हिमालयातल्या देवदाराच्याच कुळातली. जवळच्या इफ्रान गावात ११ फेब्रुवारी १९३५ रोजी उणे २३.९ अंश तापमान नोंदलं गेलं. आफ्रिकेतली ती सर्वांत कमी नोंद मानली जाते.

तेव्हा डिसेंबर-जानेवारीत जाणाऱ्याने सुती कपड्यांवर भिस्त ठेवू नये. खुद्द वाळवंटात, मेर्झुगाला, रात्री पारा शून्याच्या आसपास उतरतो. उलट उन्हाळ्यात माराकेश भाजून निघत असताना किनाऱ्यावरच्या एसाविराला वाऱ्यामुळे संध्याकाळी अंगावर काहीतरी घ्यावंसं वाटतं, कारण किनाऱ्यालगत थंड कॅनरी प्रवाह वाहतो. पण किनारा म्हणजे कायम गारवा असंही नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये अगादिरला ५०.४ अंश नोंदले गेले, वारा आतून, वाळवंटाकडून वाहू लागला की असं होतं.

‘माराकेशहून तासाभरात वाळूचे डोंगर.’ तासाभरात पोहोचता येतं ते अगाफेला. तिथे उघडा, दगडगोट्यांचा माळ आहे, टेकाडं आहेत, तंबू आहेत, उंटही आहेत. वाळूच्या टेकड्या नाहीत. त्या आहेत मेर्झुगाजवळच्या एर्ग शब्बीत, रस्त्याने सुमारे ५६० किलोमीटरवर. वाटेत तिझी न तिश्का हा २,२६० मीटर उंचीचा घाट लागतो आणि हिवाळ्यात बर्फ पडलं की तो बंद होऊ शकतो. दोन दिवसांची ‘सहारा सहल’ बहुधा झागोराकडे नेते, तिथल्या टेकड्या लहान. पैसे भरण्याआधी मुक्कामाच्या गावाचं नाव विचारा.

‘भाषा एकच, अरबी.’ कोणती अरबी? वर्तमानपत्रं आणि बातम्यांची प्रमाण अरबी मोरोक्कोत कोणाचीच मातृभाषा नाही. रस्त्यावर चालते ती दारिजा, म्हणजे मोरोक्कोची बोली अरबी. मोबाइलवरच्या अ‍ॅपमधून प्रमाण अरबी शिकून गेलेल्याचं बोलणं लोकांना कळतं, पंचाईत होते ती उत्तर आल्यावर. ‘आत्ता’साठी शिकलेला असतो ‘अल-आन’, ऐकू येतं ‘दाबा’. ‘मला हवं’साठी ‘उरीद’ पाठ केलेलं असतं, समोरचा म्हणतो ‘ब्घीत’. दोन म्हणजे ‘इथ्नान’ नव्हे, ‘जूज’. त्यात जुने बाजारकरी भाव रियालमध्ये सांगतात. रियालची नाणी चलनात नाहीत, पण हिशेब चालू आहे: २० रियाल म्हणजे १ दिरहम (आजचं चलन). शंभर म्हटलं की पाच दिरहम द्यायचे. शिवाय दवाखाना, बँक, विद्यापीठातलं विज्ञान इथे फ्रेंचचा वावर मोठा आहे, जरी राज्यघटनेत तिला कसलाच दर्जा नाही.

‘बर्बर ही अरबीची बोली.’ सर्वांत जास्त चीड आणणारं विधान हे. अरबी सेमिटिक शाखेतली. अमाझिग भाषा (‘बर्बर’ हे बाहेरच्यांनी दिलेलं नाव) त्याच आफ्रो-आशियाई कुळातल्या, पण वेगळ्या शाखेच्या. अरबी तिथे सातव्या शतकात आली, अमाझिग त्याआधीपासून होती. अरबी शब्द तिच्यात भरपूर आहेत हे खरं. मराठीतही फारसी शब्द भरपूर आहेत, म्हणून मराठी फारसीची बोली होत नाही. पाण्याला ‘अमान’, भाकरीला ‘अघ्रूम’, हाताला ‘अफूस’: हे शब्द अरबीतून आलेले नाहीत. शिवाय ही एकसंध भाषाही नाही. उत्तरेत रिफच्या डोंगरात तरिफित, मधल्या अ‍ॅटलासमध्ये तमाझिग्त, सूस खोरं आणि उच्च अ‍ॅटलासच्या पश्चिम भागात तशेल्हित. रिफमधल्या नादोरचा माणूस आणि सूसमधल्या अगादिरचा माणूस भेटले तर बहुतेक वेळा दारिजावर येतात. २०२४ च्या जनगणनेत सुमारे एक चतुर्थांश लोकांनी यांपैकी एखादी भाषा बोलत असल्याचं नोंदवलं. हा आकडा कमी असल्याचा अमाझिग संघटनांचा आक्षेप आहे. २०११ च्या राज्यघटनेपासून अमाझिग अरबीबरोबरीने राजभाषा आहे.

‘लिपी नाही.’ तिफिनाग आहे. तिचं मूळ उत्तर आफ्रिकेतल्या दोन हजार वर्षांहून जुन्या शिलालेखांच्या लिपीत. मोरोक्कोने तिचं ३३ अक्षरांचं प्रमाणरूप २००३ मध्ये स्वीकारलं आणि सरकारी पाट्यांवर ती दिसते. त्याआधी शतकानुशतकं तशेल्हितमधले धार्मिक ग्रंथ अरबी लिपीत लिहिले जात होते. मजकुराच्या बाजूने एक मान्य करावं लागेल: बोलणाऱ्यांपैकी बहुतेकांना तिफिनाग वाचता येत नाही. फोनवर ते अरबी किंवा रोमन अक्षरं वापरतात, आणि रोमनमध्ये न बसणाऱ्या घशातल्या आवाजांसाठी ३, ७, ९ हे आकडे.

‘तंबूतले भटके.’ बहुसंख्य अमाझिग डोंगरातले शेतकरी आहेत, नाहीतर शहरात राहतात. कासाब्लांकातला कोपऱ्यावरचा किराणा दुकानदार सूसचा असणं इतकं नेहमीचं की त्यावर विनोद आहेत. खरे फिरते मेंढपाळ उरले आहेत, उदाहरणार्थ ऐत अत्ता टोळीतले: हिवाळा साघ्रोच्या डोंगरात, उन्हाळा उच्च अ‍ॅटलासच्या कुरणांवर. पण ही भटकंती वाट्टेल तशी नसते. ‘अग्दाल’ म्हटल्या जाणाऱ्या कुरणांत गवत वाढू द्यायला वसंतात चराईबंदी असते, आणि ती उठायची तारीख हक्कदार टोळ्या मिळून ठरवतात. आधी जनावरं घालणाऱ्याला दंड होतो.