'ऑल्दो' दिसलं की विरुद्धार्थी?

जीआरईची, म्हणजे परदेशातल्या उच्च शिक्षणाच्या प्रवेशासाठी लागणाऱ्या परीक्षेची, तयारी करणाऱ्यांच्या ग्रुपांवर एक मेसेज सतत फिरतो: "साडेतीन हजार शब्द पाठ करा, रिकाम्या जागा आपोआप सुटतात. लॉजिकमध्ये वेळ जातो. 'ऑल्दो' किंवा 'बट' दिसलं की विरुद्धार्थी शब्द टाका. समानार्थी जोडी दिसली की टिक करा." शब्दसंग्रह लागतो, एवढंच यातलं खरं.

'ऑल्दो'च्या नियमाने सर्वांत जास्त नुकसान होतं. हे वाक्य पाहा: 'ऑल्दो द रिव्ह्यू वॉज फार फ्रॉम ____, द ऑथर वॉज प्लीज्ड.' नियम पाळणारा 'प्लीज्ड'च्या उलट म्हणून 'स्केदिंग' (झोंबरी टीका करणारं) निवडतो आणि चुकतो. इथे दिशा 'ऑल्दो'ने एकदा फिरते, 'फार फ्रॉम'ने पुन्हा फिरते. जागेत कौतुकाचाच शब्द बसतो, 'इफ्यूझिव्ह'सारखा: परीक्षणात तोंड भरून स्तुती नव्हती, तरी लेखक खूश होता. म्हणून खुणेचा शब्द (इथे 'प्लीज्ड') आणि रिकामी जागा यांच्यामध्ये दिशा किती वेळा फिरते ते मोजा. सम असेल तर अर्थ त्याच बाजूचा, विषम असेल तर उलट. 'बट'चंही तसंच: 'एनीथिंग बट' म्हणजे मुळीच नाही, 'नथिंग बट' म्हणजे निव्वळ तेवढंच. 'व्हाइल' आणि 'सिन्स' तर कधी नुसता काळच दाखवतात.

समानार्थी जोडीचा सल्ला सेंटेन्स इक्विव्हॅलन्समध्ये, म्हणजे एकाच जागेसाठी दोन शब्द निवडायच्या प्रश्नांत, फसतो. सहा पर्यायांत वाक्यात न बसणारी जोडीही मुद्दाम ठेवलेली असते. निवडलेल्या दोन शब्दांनी पूर्ण वाक्याचा अर्थ सारखा व्हावा, ही खरी अट.

वेळेचं म्हणाल, तर सप्टेंबर 2023पासून व्हर्बलचे, म्हणजे भाषेच्या विभागाचे, 27 प्रश्न 41 मिनिटांत सोडवायचे असतात, म्हणजे प्रश्नाला सरासरी दीड मिनिट. प्रत्येक पर्याय घालून वाक्य पुन्हा पुन्हा वाचण्यातच तो वेळ संपतो. त्यापेक्षा पर्याय झाका, खूण शोधा, वळणं मोजा आणि मनात आपला शब्द ठरवा. तो मराठीत सुचला तरी चालतो. नाहीच सुचला तर शब्द चांगल्या अर्थाचा हवा की वाईट, एवढं दाखवणारं अधिक किंवा उणे चिन्ह लिहा. त्यानंतरच पर्याय उघडा; एकाच बाजूचे दोन-तीन उरले की पाठ केलेले शब्द तिथे उपयोगी पडतात.

तीन जागा असतील तर पहिलीपासूनच सुरुवात करायचा हट्ट नको. जिची खूण सर्वांत स्पष्ट ती आधी भरा, तिच्या आधाराने बाकीच्या उलगडतात. प्रत्येक जागेला तीन पर्याय, म्हणजे 27 जुळण्या, त्यातली एकच बरोबर. दोन जागा बरोबर आल्या म्हणून अर्धा गुणही मिळत नाही.