वास्तू तथास्तु म्हणाली तरी म्हणू दे

गेल्या आठवड्यात मी लिव्हिंग विल केलं, म्हणजे बरं होण्याची आशा उरली नाही आणि मला बोलता आलं नाही, तर कोणते उपचार नकोत ते आधीच कागदावर लिहून ठेवलं. घरात विषय काढला तेव्हा सासूबाई देवापाशी दिवा लावत होत्या. "तिन्हीसांजेचं असलं बोलू नये गं, वास्तू तथास्तु म्हणत असते."

आजवर मीही हेच पाळलं. आणि म्हणूनच बाबांना काय हवं होतं, ते आम्हा कुणालाच माहीत नव्हतं.

बाबा एकोणीस दिवस आयसीयूत होते. नळ्या उपसतात म्हणून दोन्ही हात पट्टीने कॉटच्या कठड्याला बांधलेले. मनगटावर वळ उठले होते. एरवी त्याच हातांनी ते रोज पहाटे पूजेसाठी जास्वंदी काढायचे. एका रात्री दीड वाजता डॉक्टरांनी बाहेर बोलावून विचारलं, "पुढे काय करायचं?" मी म्हणाले, "सगळं करा." बाबांचा विचार करून नाही म्हणाले मी तसं. मी घाबरले होते. नऊ वर्षं झाली, ते वळ डोळ्यांपुढून जात नाहीत.

सर्वोच्च न्यायालयाने 9 मार्च 2018 ला या कागदाला मान्यता दिली. तेव्हा न्यायदंडाधिकाऱ्यांची सही लागायची, सामान्य माणूस कुठे जाणार तिथे? जानेवारी 2023 पासून दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतो. कागद आहे म्हणून कुणी लगेच व्हेंटिलेटर काढत नाही, ही भीती आधी मनातून काढा. बरं होण्याची आशाच उरली नसेल तर आधी उपचार करणारे डॉक्टर आणि दोन तज्ज्ञ बघतात, मग डॉक्टरांचं दुसरं मंडळ बघतं.

मजकूर मी आधी हाताने लिहून काढला. 'मी पूर्ण शुद्धीत, कुणाच्याही दबावाशिवाय' इथपर्यंत सरळ लिहिलं. पुढे 'माझा मृत्यू' हे दोन शब्द आले आणि पेन थांबलं. बासष्ट वर्षांत हे शब्द मी स्वतःबद्दल कधी लिहिलेच नव्हते. उठले, पाणी प्यायले, खिडकीशी उभी राहिले. खाली मुलं क्रिकेट खेळत होती. मी नसेन तेव्हाही खेळतील, असं मनात आलं आणि पोटात तुटलं. खोटं कशाला सांगू, रडले. मग बसून पुरं केलं.

निर्णय कुणी सांगायचा, तिथे मुलाचं आणि मुलीचं नाव घातलंय. लेक लगेच तयार झाली. मुलगा मात्र "आई, काय हे!" म्हणून फोन ठेवून मोकळा झाला.

काल रात्री त्याचा पुन्हा फोन आला. बराच वेळ गप्पच होता. मग म्हणाला, "त्या कागदाची एक प्रत मला पाठव."